पाकटाचे डोळे

माझा मामा संग्रहालयात मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरायचा. चाळीस वर्षं हेच काम. मामी म्हणायची, "आजारी पडायचीसुद्धा भीती वाटते बाई, हे लगेच माप घ्यायला बसतील!"

यंदा एका काचपेटीत चपटा पाकट मासा आणि दयाळ पक्षी शेजारी ठेवायचे होते. एकाचे पंख पाण्यातले, दुसऱ्याचे हवेतले. तिथल्या पाट्या मी लिहिते, म्हणून ही तुलनाही माझ्याकडे आली.

"लिही," मामा म्हणाला. "दयाळाची हाडं पोकळ, पाकटाला हाडंच नाहीत, सगळी कूर्चा. दयाळ पहाटे गातो, पाकट वाळूत गप्प. आणि त्याचे डोळे वर, तोंड पोटाकडे. बिचाऱ्याला आपला घास कधी दिसत नाही."

पाकटाच्या पोटाकडे, तोंडाजवळ, दोन नाकपुड्या असतात. बघे त्यांनाच डोळे समजतात. मामा आयुष्यभर त्यांना हसत आला.

मामाची नजर वर्षभर अधू होत चालली होती. मला ठाऊक होतं, संग्रहालयाच्या साहेबांना नाही. कळलं असतं तर त्यांनी त्याला घरी बसवलं असतं. एरवी तो बोटांनी चाचपून काम भागवायचा. पण परवा साहेब पाहणीला आले आणि त्यांच्यासमोर चाचपडायची त्याला लाज वाटली. त्याने ऐटीत पाकटाला दोन्ही काचेचे डोळे चिकटवले. साहेब "वा!" म्हणून निघून गेले.

डोळे नाकपुड्यांत बसले होते. साहेबांनाही ते कळलं नव्हतं, पण मला हसू आलं नाही.

"मामा, पाकट उताणा आहे."

त्याने बोट फिरवलं. आधी तोंड लागलं, मग काच.

"हात लावला असता तर चुकलो नसतो गं. अब्रू राखायला गेलो."

मग त्याने मुठीएवढा दयाळ माझ्यापुढे सरकवला. "हा तू भर. साहेबांना उद्या मीच सांगतो."

"मला कुठलं जमायला! मी पाट्या लिहिणारी."

"डोळे मीट."

मी मिटले. माझं बोट धरून तो चोचीवरून कपाळाकडे, तिथून मानेकडे हळूहळू नेत राहिला. मला रडू आवरेना. मग त्याने माझा हात सोडला.

"आता सांग, डोळा कुठे?"

मी चाचपडत बोट टेकवलं. त्याने त्यावर आपलं बोट ठेवून पाहिलं.

"बरोबर," मामा म्हणाला.