कसम परेडच्या दिवशीचा सर्व्हे

लष्करी कॅम्पच्या गेटसमोर मी मोबाईल रोखून उभा होतो आणि फोटोत यायला माणूसच नव्हता. रिपोर्टच्या कव्हरवर गजबजलेला बाजार हवा होता. आतल्या पानांवर तो गजबजलेला होताच. मीच लिहिला होता.

मी बेळगावात कॉलेजला अर्थशास्त्र शिकवतो. गेटसमोरच्या दुकानदारांनी मला काम दिलं होतं: लष्करामुळे इथल्या बाजाराला किती हातभार लागतो, ते मोजून द्या. कारण समोरचा बसस्टॉप लांबच्या चौकात हलवायचं घाटत होतं. दुकानदारांचे पुढारी मल्लाप्पा अण्णा. वडिलांपासून त्यांचं ट्रंकांचं दुकान. काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात जवानाचं नाव. स्टॉप गेला तर दुकान मिटणार, ही त्यांना धास्ती. आकडा दणदणीत असला तर स्टॉपचा निर्णय घेणारे साहेब ऐकतील, असा सगळ्यांचा होरा.

मी एका शनिवारी सर्व्हे उरकला. त्या दिवसाच्या विक्रीला वर्षभराच्या दिवसांनी गुणलं. उत्तर एवढं मोठं आलं की घरीसुद्धा मी दोन दिवस ताठ चाललो.

आता मंगळवारी हा शुकशुकाट. अण्णा गल्ल्यावर पेंगत होते.

"अण्णा, आज बाजार बंद आहे काय?"

"बंद कुठला? रोज असाच असतोय."

"मग त्या शनिवारी?"

"त्या दिवशी कसम परेड हुती की, सर."

कसम परेड म्हणजे ट्रेनिंग संपवून पोरं शपथ घेतात तो दिवस. गावाकडून आई-बाप, आत्या, मामा जीपगाड्या भरून येतात. पेढे, फोटो, जेवणं. मी ती एक दिवसाची जत्रा वर्षभर चालवली होती.

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलासा कुठं? आकडा बरा दिसला, गप बसलो."

सर्व्हे पुन्हा करणार म्हटल्यावर अण्णांनी मागवलेला चहा माझ्यापर्यंत आलाच नाही.

यावेळी साधे दिवस धरले, बाजाराचा वार धरला, महिन्याची सुरुवात आणि अखेर धरली. चित्रच बदललं. ट्रेनिंगमधली पोरं गेटबाहेर फारशी येत नाहीत. त्यांचं धान्य, कापड बरंचसं बाहेरगावाहून येतं. तो पैसा इथे न फिरताच निघून जातो. आम्ही त्याला गळती म्हणतो. रोजचं गिऱ्हाईक वेगळंच निघालं: रिटायर झालेले फौजी. निपाणी, संकेश्वर, खानापूरकडून एसटीनं येतात, लष्कराच्या कॅन्टीनमधून स्वस्तात सामान घेतात आणि मग बायकोबरोबर गेटसमोर तासभर रेंगाळतात. चष्मा, चप्पल, औषध, भजी. जमलंच तर शहापूरच्या पेठेत जाऊन साडी. म्हणजे त्यांच्या पेन्शनचा रुपया चप्पलवाल्याकडून भजीवाल्याकडे आणि तिथून किराणावाल्याकडे फिरतो. या फिरण्याचा हिशेब म्हणजे गुणक.

आकडा मात्र चांगलाच आक्रसला. अण्णांनी रिपोर्ट हातात घेऊन उलटसुलट बघितला, जणू मागच्या बाजूला उरलेला आकडा असेल.

"सर, आम्ही तुम्हास्नी हातभार दाखवायला आणलंतं. तुम्ही तर आमची पोटंच मारलासा की."

मी मांडणी तीच ठेवली.

स्टॉपच्या सुनावणीत साहेबांनी पहिलं पान वाचलं, चष्म्यावरून बघितलं आणि कन्नडात विचारलं, "हे कसम परेडच्या दिवशी मोजलेलं नाही ना? माझा पुतण्या होता त्या परेडमध्ये. त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती."

परेडचा दिवस वेगळा दाखवलाय, असं म्हणत मी पान उघडून दिलं. शेजारी अण्णा छतावरच्या पंख्याकडे लक्ष देऊन बघत होते. साहेब पुढे वाचत गेले. रोजचं गिऱ्हाईक म्हणजे गुडघे धरून चालणारे म्हातारे फौजी आणि ते उतरतात याच स्टॉपवर, हे वाचून त्यांनी चौक गेटपासून किती लांब आहे, एवढंच विचारलं. स्टॉप जागेवर राहिला.

बाहेर आल्यावर अण्णांनी चहा सांगितला. दोन.

आकडा लहान असला तरी चालतो. तो कुठल्या दिवशीचा आहे, हे सांगता आलं पाहिजे.

घरी मी हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. ती वडगावच्या विणकरांच्या घरातली. भाजी ढवळत तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"मला बघायला पण तुम्ही दसऱ्यादिवशीच आलतासा," ती म्हणाली. "पुरणपोळी खाऊन गेलासा. तवापास्नं रोज ताट बघून तोंड वाकडं करतासा."