वडिलांना घाट दाखवायला नेलं

आमच्या इंदिरानगरच्या घरात दर रविवारी सकाळी तीन पुरुष बसून बंद पडलेल्या रेल्वेबद्दल बोलतात. त्यांतला एक माझा नवरा आहे. दुसरे आमच्याच कॉलनीतले, बँकेतून निवृत्त झालेले काका. तिसरा दातांचा डॉक्टर, आम्हा सगळ्यांपेक्षा लहान, गळ्यात कायम कॅमेरा. नाशिकरोडहून गावात येणारी ट्राम नेमकी कुठे वळायची, मनमाडच्या यार्डातली कुठली लाईन उखडून टाकली, कुठल्या लहान स्टेशनवर आता एकही गाडी थांबत नाही, यावर ही माणसं जेवणाची वेळ होईपर्यंत बोलू शकतात. काकांकडे एक जुना नकाशा आहे. तो आमच्या टेबलावर पसरला की पोह्यांच्या ताटल्या ठेवायला जागा उरत नाही. मग मी त्या हातात देते.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आठवडाभर सकाळी सकाळी उपाशीपोटी आलेल्या, वैतागलेल्या लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा आणि शीर शोधायची. रविवारी मला काही नको असतं. नुसतं आडवं व्हायचं असतं.

पण रेल्वे माझ्या वाट्याला दोन्हीकडून आली. माझे वडील रेल्वेत ड्रायव्हर होते. कसाऱ्याहून इगतपुरीकडे घाट चढताना गाडीला मागून रेटा द्यायला जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. वडिलांची बहुतेक नोकरी त्या बँकरवर गेली. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा, मुलीचे वडील घाटात इंजिन चालवतात, हे ऐकून नवऱ्याचा चेहरा एकदम उजळला होता. त्या वेळी मला वाटलं, मीच आवडले. खरं काय ते मी अजून विचारलेलं नाही.

निवृत्तीनंतर वडिलांनी घोटीला घर बांधलं. आई गेल्यावरही ते तिथे एकटेच राहत होते. गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून पडले, तेव्हा मी त्यांना आमच्याकडे आणलं. दिवसभर ते हॉलमधल्या खुर्चीत बसून असत. डोळे मिटलेले, पण जागे. रात्रीही तसंच. मी पाणी प्यायला उठले की ते छताकडे बघत पडलेले दिसायचे.

रविवारच्या मंडळींना तर घरबसल्या घबाडच मिळालं. पहिल्याच रविवारी डॉक्टरने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"काका, ब्रिटिशांच्या काळात घाटात एका ठिकाणी गाडी थांबवून उलट्या दिशेने काढायचे म्हणे. पुढे नवी लाईन टाकली आणि ती जुनी सोडून दिली. तुम्हाला जाता-येता दिसायची का ती?"

"दिसत असंल," वडील म्हणाले.

"असंल म्हणजे?"

"मी काय बघितली नाय."

त्यांना वाटलं, वडिलांना नीट ऐकू आलं नसावं. बँकवाल्या काकांनी तोच प्रश्न मोठ्याने विचारला. उत्तर तेच आलं. तरी ते हटले नाहीत. दर रविवारी नवीन प्रश्न. मुंबईकडची वीज वेगळी आणि इकडची वेगळी, म्हणून इगतपुरीला प्रत्येक गाडीचं इंजिन बदलायचे, तेव्हा किती धांदल उडत असेल? वाफेची इंजिनं तुम्ही पाहिलीत का? वडील हो किंवा नाही म्हणायचे आणि पुन्हा डोळे मिटायचे.

दिवाळीनंतर, गवत वाळलं तसं, या लोकांनी ती जुनी लाईन शोधायला जायचं ठरवलं. सोबत वडिलांनाही न्यायचं.

"अहो, त्यांना चालवत नाही," मी नवऱ्याला म्हणाले.

"अगं, गाडी जवळपर्यंत जाते. तुझ्या बाबांनाही बरं वाटेल. घरात बसून बसून कंटाळलेत."

"मग मलाही यावं लागेल. त्यांचं कोण बघणार?"

"ये की. तुझीही सहल होईल."

सहल. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "चला." ते कशालाही चलाच म्हणायचे. नोकरीत असताना ड्यूटीचा निरोप घेऊन माणूस दारात आला की असंच म्हणत, आणि बुटांत पाय घालत.

डॉक्टरच्या मोठ्या गाडीतून निघालो. घोटी मागे पडलं, इगतपुरी मागे पडली, घाट उतरायला लागलो. पुढचे तिघे सारखे खिडकीतून बोटं दाखवत होते. आम्ही बापलेक सगळ्यांत मागच्या सीटवर होतो. एका ढाब्याच्या मागे गाडी लावली आणि पायवाटेने निघालो. थोडं चालल्यावर वडील एका आंब्याखाली दगडावर टेकले.

"मी बसतो हितं. तुम्ही जाऊन या."

"काका, अजून थोडंच आहे," डॉक्टर म्हणाला.

"जाऊन या," वडील पुन्हा म्हणाले. मीही त्यांच्याजवळ बसले. ते तिघे गवतातून खाली उतरत गेले. काकांच्या हातातला नकाशा वाऱ्याने फडफडत होता.

मी बाटलीतलं पाणी त्यांना दिलं. मग दरीच्या बाजूने गाडीचा आवाज आला. झाडांच्या फटीतून डबे दिसायला लागले, हळूहळू वर सरकणारे.

"बाबा, गाडी आली बघा."

त्यांनी मान वळवली नाही.

"बघायची नाही का?"

"काय बघायची?"

"मला वाटलं, तुम्हाला घाट पुन्हा बघायला आवडेल."

"घाट मी कवा बघितला गं? चढताना पुढं शेवटच्या डब्याची पाठ. तीच बघायची, इगतपुरी येईस्तोवर. उतरताना इंजिनच असायचं नुसतं, डबे नाय काय नाय. तवा डोळा लागू नये म्हणून उभा राहायचो. खिडकीतनं तोंड बाहेर काढायचो. वारा लागला की तेवढंच बरं." मग म्हणाले, "लय झोप यायची."

एवढं सलग ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं होतं. आतल्या खोलीच्या खिडकीला आई घोंगडी टांगायची, म्हणजे वडिलांना दिवसा अंधार व्हावा. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून ती कुकर शेजारच्या काकूंकडे नेऊन लावायची आणि शिजला की फडक्यात धरून परत आणायची. आम्ही भावंडं कुजबुजत बोलायचो, कुजबुजत भांडायचो, कविता पाठ करायची तर मागच्या पायरीवर जाऊन. तरीही नेमकी वडिलांची झोप लागलेली असताना निरोप्या सायकलवरून यायचा आणि कडी वाजवायचा. ते उठून बसायचे. डोळे लाल. आमच्याशी काही न बोलता डबा उचलायचे आणि जायचे. मला लहानपणी वाटायचं, ते आमच्यावर रागावलेले असतात. आजही लॅबमध्ये लोक म्हणतात, मॅडम, जरा मोठ्याने बोला.

दगडावर बसलेल्या त्या माणसाकडे मी बघितलं. त्यांचा राग नव्हताच. त्यांना नुसती झोप आलेली असायची, आणि ती वर्षानुवर्षं आलेली होती. हे मला एवढ्या उशिरा कळावं, याचं वाईट वाटायलाही त्या क्षणी माझ्यात जोर नव्हता. माझे स्वतःचे डोळे मिटत होते.

तिघे परत आले ते भांडतच. त्यांना झुडपांत दगडी बांधकाम सापडलं होतं. काकांच्या मते तो जुना फलाट होता. डॉक्टर म्हणत होता, फलाट एवढा उंच नसतो, ही दरड धरून ठेवायला बांधलेली भिंत आहे. नवऱ्याच्या पँटला कुसळं चिकटली होती आणि तो लहान मुलासारखा खूश होता. डॉक्टरने कॅमेऱ्यातला फोटो वडिलांपुढे धरला.

"काका, तुम्हीच सांगा."

"मला नाय माहीत."

"पण इतकी वर्षं तुम्ही रोज इथून गेलात," बँकवाले काका म्हणाले. त्यांचा संयम सुटला होता. "काहीतरी आठवत असेलच ना घाटातलं?"

"झोप आठवती," वडील म्हणाले.

तिघेही हसले. त्यांना ती चेष्टा वाटली. डॉक्टर तर म्हणाला, "काका भारी आहेत!"

"हसू नका," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "ते खरं सांगतायत. त्यांना झोपच मिळाली नाही. आमच्या घरात कुकर लावता यायचा नाही. तुम्हाला ज्या गाड्यांचं एवढं कौतुक आहे, त्या वर चढवायला माणसं अशी झोपेविना उभी होती. दर रविवारी त्यांना काय काय विचारता. ते कंटाळलेत. मीही कंटाळलेय."

डॉक्टरने कॅमेरा बंद केला. काका नकाशाची घडी घालायला लागले, ती चुकली, पुन्हा उलगडून घालत बसले. नवरा पँटची कुसळं काढत होता. वडीलच शेवटी काठी टेकून उठले.

"तुम्ही कशाला तोंडं पाडता? चला, ऊन झालं."

इगतपुरीला चहा घ्यायचं ठरलं होतं. कुणीच गाडी थांबवायला सांगितली नाही.

पुढच्या रविवारी बेल वाजली नाही. नवऱ्याने सांगितलं, ते आता जॉगिंग ट्रॅकजवळच्या बाकावर भेटणार आहेत. तो रागावलेला नव्हता, निदान तसं दाखवत नव्हता. पिशवीत पाण्याची बाटली घालून तो निघून गेला. मी आडवी झाले. दोन-तीन रविवार असे गेले. घर शांत होतं, आणि त्या शांततेत वडील हॉलमध्ये दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत चालत होते. काठीचा आवाज मला आत ऐकू यायचा.

एकदा मी उठून बाहेर आले. "बाबा, बसा ना जरा. काय होतंय?"

"ती मंडळी का येत नायत?"

"मीच बोलले ना त्यांना. तुम्हाला त्रास व्हायचा."

"मला कसला त्रास?" ते खुर्चीत बसले. "त्यांचं चालू असलं की मला डुलकी लागायची. हप्त्यात तेवढीच काय ती झोप. तुला काय वाटलं, मी डोळं मिटून ऐकत बसायचो?"

"पण तुम्हाला सारखं विचारायचे."

"विचारायचे, मी हूं म्हणायचो. मग त्यांचं त्यांचं चालायचं. गाडीची काळजी दुसरं कुणीतरी करतंय, आपण निजलं तरी चालंल, असं वाटायचं बघ."

मी त्यांच्याजवळ स्टुलावर बसून राहिले. हसावं की रडावं कळेना, आणि दोन्हीचा कंटाळा आला होता. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, बोलवा त्यांना.

ते आले. आधी बावरल्यासारखे, हळू आवाजात बोलत होते. काकांनी माझ्यासाठी गंगापूर रोडच्या दुकानातून चिवडा आणला होता आणि तो देताना ते माझ्याकडे बघत नव्हते. डॉक्टर म्हणाला, "वहिनी, आज काही विचारणार नाही."

"मोठ्यानं बोला की," खुर्चीतून वडील म्हणाले. "ऐकू येत नाय."

मग नकाशा पसरला गेला. फलाट की भिंत, तिथूनच सुरुवात झाली. ट्राम कुठून वळायची तिथपर्यंत वाद पोचला तेव्हा वडिलांची मान एका बाजूला कलली होती आणि तोंड उघडं पडलं होतं. घोरण्याचा आवाज यायला लागला तसा डॉक्टर थबकला. मी त्याला हाताने खूण केली, चालू द्या.

पोह्यांसाठी कांदा घ्यायला मी स्वयंपाकघरात गेले, तर नवरा मागोमाग आला. "मी करतो. तू पड जाऊन."

त्याने आयुष्यात पोहे केलेले नाहीत. तरी मी गेले आणि पडले. झोप काही लागली नाही. त्याने स्वयंपाकघरातूनच दोनदा विचारलं, मोहरी कुठल्या डब्यात आहे. मी डोळे मिटून घेतले.