लंकेची पिशवी

आयुष्यात मी परदेशी एकदाच गेले, पंधरा दिवस, आणि तेही रावणाच्या मुलखात. सोनंनाणं काही आणलं नाही. बाळंतपणाची पिशवी आधी भरून ठेवायची एक रीत मात्र शिकून आले. ती शिकले नसते तर बरं झालं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, म्हणून आता म्हातारपणी का होईना, नीट सांगते.

नव्वदच्या दशकात मी शहापूर तालुक्यात, खर्डीच्या पलीकडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स होते. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक तपासणीचं टेबल, औषधांचं लोखंडी कपाट आणि मागच्या बाजूला नर्सनं राहायची खोली. नियमानं मी तिथंच राहायला हवं होतं. कागदावर राहतही होते. प्रत्यक्षात नवरा आणि मुलं शहापूरला, मुलांची शाळा शहापूरला, आणि त्या खोलीचं छप्पर असं की पावसात आत छत्री उघडून झोपावं. मी रोज जाऊन-येऊन करायची. आमच्यातल्या बऱ्याच जणी तेच करायच्या आणि वरच्यांनाही ते माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

माझ्याकडे डोंगरउतारावरचे सात पाडे होते. तिथं बाळंतपणात बाई गेली की लोक हळहळायचे, 'तिचं तेवढंच होतं' म्हणायचे आणि चौथ्या दिवशी पुन्हा भाताच्या आवणीला लागायचे. मीही चुकचुकायचे, रजिस्टरात एक ओळ लिहायचे आणि संध्याकाळची गाडी पकडायचे. दगडाच्या काळजाची होते असं नाही. पण रोज बघितलेल्या गोष्टीचं माणसाला फार दिवस नवल वाटत नाही.

अशात एका संस्थेनं आमच्या भागातल्या सहा नर्सा निवडल्या आणि श्रीलंकेत नेल्या. शेजारचा देश गरिबीत राहूनही बाया कशा वाचवतो ते बघून या, म्हणाले. निघताना आळीतल्या बायांनी चेष्टेनं जीव नकोसा केला. 'येताना सोन्याची एखादी वीट आण गं,' असं जिनं म्हटलं नाही ती बाई विरळाच.

तिथं गेल्यावर मला पहिल्यांदा राग आला. खरंच राग. तो देश श्रीमंत निघाला असता तर मी सुटले असते. पैसा आहे, म्हणून बाया जगतात, असं म्हणून स्वस्थ परत आले असते. पण आम्हाला कोलंबोच्या दक्षिणेला ज्या गावात ठेवलं, तिथं घरांवर नारळीच्या झावळ्या होत्या, पुरुष आमच्यासारखेच उघड्या अंगानं शेतात, ताटात भात आणि कसलीशी तिखट आमटी. वर देशात लढाई चालू. रस्त्यात जागोजागी बंदूकधारी शिपाई बस थांबवून पिशव्या तपासायचे. आणि तरी त्या गावातल्या झावळीच्या घरामागेसुद्धा संडास होता, पोरी दप्तर घेऊन शाळेत जात होत्या, आणि सुईणीचं काम करणारी सरकारी बाई गावातच राहत होती.

तिला सगळे 'मिसी' म्हणत. पन्नाशीची, काळीसावळी, पायात रबरी चपला, हातात छत्री. तिच्या अंगणात फणसाचं झाड होतं आणि दार दिवसभर सताड उघडं. तिचं आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. तिच्याबरोबर मी पोटुशा बायांच्या घरी हिंडले. प्रत्येक घरात दाराशी खिळ्याला एक पिशवी टांगलेली. आत धुतलेले सुती कपडे, साबण, आईचं कार्ड, गाडीभाडं आणि बाळाची पांढरी झबली. सातव्या महिन्यातच भरून ठेवायची, मिसी म्हणाली. कळा सुरू झाल्या की शोधाशोध नको. मी त्या झबल्यांकडे बघत राहिले. आमच्याकडे जन्माला न आलेल्या पोराचं झबलं कुणी शिवत नाही. सटवीला घर कळतं म्हणतात.

शेवटच्या दिवशी मी तिला विचारलं, तुझ्या हद्दीत बाळंतपणात बाई कधी गेली? तिला आठवावं लागलं नाही. एकच गेली होती, पुष्कळ वर्षांपूर्वी. मिसीनं तिचं नाव सांगितलं, घर सांगितलं, त्या दिवशी काय वार होता तेही सांगितलं. मग म्हणाली, 'आय वॉज लेट.' त्या बाईसाठी मोठी बैठक बसली होती, डॉक्टरपासून सगळ्यांनी आपापलं काय चुकलं ते सांगितलं होतं, आणि हिनं उठून हे सांगितलं होतं. परक्या देशातल्या परक्या बाईला स्वतःची चूक अशी सांगून टाकते, हिला वेड लागलंय का, असं माझ्या मनात आलं. तिनं मला उलटा प्रश्न विचारला तेव्हा मला माझ्या हद्दीतल्या बायांची नावं आठवेनात. मी 'टू, थ्री' म्हटलं. ते कमी करूनच सांगितलं होतं.

परत आल्यावर मी पेटलेच होते. सात पाड्यांत सांगत सुटले. सगळ्यात लांबच्या पाड्यावर एक म्हातारी सुईण होती. तिच्या हातांना मी मनातून मानायचे, तोंडावर कधी बोलले नाही. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाली, "बाय, लंकेत सोन्याच्या इटा. आपल्याला काय त्याचं?"

"विटा नकोत मावशी, पिशवी तरी करा."

"आमची पोरं काय पिशवीतून येतात गो?" बाया खो खो हसल्या. मीही हसले.

पण हसणाऱ्यांत तिची सून होती, आणि ती नुसती हसून थांबली नाही. मुरबाडच्या बाजूची मुलगी, चौथी शिकलेली, पाचवा महिना. आधीचं मूल जन्मताच गेलेलं. बाया पांगल्यावर ती माझ्यामागे उतारापर्यंत आली आणि विचारू लागली. तिकडच्या बाया घाबरत नाय? त्यांच्या सासवा काय बोलत नाय? तिकडं पन डोंगर हाय का? मी सगळं सांगितलं. जरा मीठमसाला लावूनच सांगितलं असेल. ती म्हणाली, "मी भरंन पिशवी."

सातव्या महिन्यात तिनं खरंच भरली. खताच्या गोणीची होती, कडा दोऱ्यानं शिवलेल्या. जुन्या लुगड्याचे धुतलेले तुकडे, नवं ब्लेड, साबण, कार्ड, जीपच्या भाड्याचे पैसे. म्हातारीनं एकच अट घातली होती: "भर, पन टोपडं नको." सुनेनं मला आत नेऊन कापडाच्या तळाशी लपवलेलं टोपडं दाखवलं. लाल, हिरव्या काठाचं. "मामीला नका सांगू," म्हणाली. सासूला ती मामी म्हणायची. मी म्हटलं, "राहू दे गं, छान झालंय." आणि भरात येऊन आणखी एक बोलून गेले. नववा लागला की मी खालच्या खोलीतच राहीन, तुझ्यासाठी. कधीही माणूस पाठव. तिनं लगेच नवऱ्याला हाक मारून ते ऐकवलं.

नववा लागला तेव्हा भातकापणी संपली होती, तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. मी शब्दाप्रमाणे उपकेंद्राच्या खोलीत राहायला गेले. आठ दिवस राहिले. उंदीर होते, पाणी लांबून आणावं लागे, वीज कधी असायची कधी नसायची. शनिवारी दुपारी मी कुलूप लावलं आणि शहापूरला निघून आले. कारण विचाराल तर मुलाला ताप नव्हता, नवऱ्याचं बोलावणं नव्हतं. मला कंटाळा आला होता. एक दिवस घरचं जेवावं, मऊ गादीवर झोपावं, एवढंच. तिचे दिवस भरायला अजून दोन-तीन आठवडे आहेत असा माझा हिशोब होता.

रविवारी सकाळी ती बाळंत झाली. मूल सुखरूप आलं, मुलगी. म्हातारीच्या हातात काही खोट नव्हती. पण रक्त थांबेना. म्हातारीनं तिला येत होतं ते सगळं केलं आणि आपल्या मुलाला उपकेंद्राकडे पिटाळलं. रक्त थांबवायचं इंजेक्शन माझ्या लोखंडी कपाटात होतं, वापरायच्या तारखेतलं. तो दोन डोंगर उतरून आला तर दाराला कुलूप. तसाच तो जीपवाल्याकडे धावला. जीप वऱ्हाड घेऊन धसईला गेली होती. मग त्यांनी घोंगडीची झोळी केली, बांबूला बांधली आणि तिला खाली आणलं. नवऱ्यानं पिशवी खांद्याला लावली होती, मी शिकवलं होतं तशी. डांबरी रस्त्यावर एक टेम्पो थांबला. खर्डी यायच्या आत ती गेली.

त्या वेळी मी शहापूरला डोक्यावरून न्हाऊन गच्चीत केस वाळवत बसले होते. उपकेंद्राची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. इंजेक्शन मिळालं असतं तर ती वाचलीच असती, असं कुणी डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगणार नाही. मीही नाही सांगत. पण ते टोचायला माणूसच नव्हतं, हे मी सांगू शकते.

सोमवारी खर्डीच्या स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यानं मला बातमी दिली. मी थेट पाड्यावर गेले. वाटेत, आता लोक मला काय म्हणतील, तो नवरा अंगावर धावून येईल का, एवढंच डोक्यात होतं. लाज वाटते सांगायला, पण तिच्याबद्दलचं दुःख मला नंतर झालं, आधी भीती वाटली.

कुणी अंगावर आलं नाही. म्हातारी ओटीवर मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मूल फाटक्या लुगड्यात गुंडाळलेलं. पिशवी त्यांनी तिच्याबरोबरच जाळली होती. मला बघून तिनं बाजूला सरकून जागा केली. मला रडू फुटलं.

"तुमी नका रडू बाय," ती म्हणाली. "तुमी काय करणार? टोपडं व्हतं आत. मी नको बोलली व्हती. सटवीनं टोपडं बघितलं."

मी कसंबसं विचारलं, "तुमचा मुलगा खाली आला होता ना?"

"आलता. कुलूप व्हतं. आयतवार ना. तुमाला पन पोरंबाळं हायत, तुमी कवर ऱ्हानार?" मग मुलीच्या तोंडावरची माशी हाकलत ती पुन्हा म्हणाली, "पिशवीनं घात केला."

नवरा खांबाला टेकून उभा होता. मी राहणार असं ज्याला तिनं हाक मारून ऐकवलं होतं, तोच. तेव्हा मी एक शब्द बोलायला हवा होता. तोंड उघडलंही. आणि म्हणाले, "होय मावशी. टोपडं शिवायला नको होतं."

त्यानंतर त्या पाड्यावरच काय, सातही पाड्यांवर पिशवी कुणी भरली नाही. पुढच्या वर्षी एक पोटुशी भीत भीत विचारायला आली, "बाय, पिशवी लागंल का?" मी म्हटलं, "नको." पिशवीबरोबर माझ्या गोळ्या आणि माझी इंजेक्शनंही त्यांच्या मनातून उतरली, आणि मी ती उतरू दिली. कागदावर मृत्यूचं कारण लिहायचा एक रकाना होता. मी लिहिलं, 'नातेवाईकांकडून उशीर'. वरून कुणी काही विचारलं नाही. बैठक बसली नाही. मिसीच्या आणि माझ्या देशाच्या मधे अरुंदसा समुद्र आहे म्हणतात. मला तो कधी अरुंद वाटला नाही.

पुढे माझी बदली मुरबाडकडे, वैशाखऱ्याच्या बाजूला झाली. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. आता सरकारनंच पिशवीची छापील यादी काढली, आणि ती शिकवायला आम्हा सगळ्या नर्सांना एका हॉलमध्ये बोलावलं. शिकवायला एक तरुण डॉक्टर होते, मनापासून शिकवणारे. त्यांनी विचारलं, बाया आधीपासून तयारी का करत नाहीत? मागून पुढून एकच उत्तर आलं, अंधश्रद्धा. सरांनी ते फळ्यावर लिहिलं आणि म्हणाले, कुणी स्वतः पाहिलेलं उदाहरण सांगेल का?

मी सगळ्यात जुनी होते. उभी राहिले आणि सांगितलं. खताच्या गोणीची पिशवी, लपवलेलं लाल टोपडं, सटवी, चितेत जाळलेली पिशवी, सगळं. एक पोरसवदा नर्स डोळे पुसत होती. सर म्हणाले, 'बघा, आपण कितीही सांगा, लोकांची मानसिकता!' आणि त्यांनी 'अंधश्रद्धा'च्या पुढे कंस करून 'टोपडे' असं लिहिलं. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

ती गेली त्या दिवशी उपकेंद्र उघडं होतं का, असं कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला वाटतं. कुणी विचारलं नाही. हॉलमधला तो दिवस बुधवार होता, कामाचा. आम्ही सगळ्या तिथं बसलो होतो आणि आमच्या उपकेंद्रांच्या किल्ल्या आमच्या पर्समध्ये होत्या.