सुभेदाराला नमस्कार

देवूभाऊ कंपाउंडर कुणाच्या दारात गेले तरी नमस्कार करत नसत. फाटकातूनच विचारत, "पानी उकळलं का?" म्हणजे काचेची सिरिंज आणि सुया उकळण्याचं पाणी. उकळलं नसेल तर सायकल भिंतीला टेकवून तिथेच उभे राहत. चहा विचारला तर म्हणत, "आदी काम." काम झाल्यावर विचारला तर, "आता कशाला?"

बेटेगावचा हा सडसडीत माणूस बोईसरच्या एका डॉक्टरांकडे कित्येक वर्षं होता. "देवू येईल हं," एवढं म्हटलं की आमच्या आळीतली पोरं दुधाचा पेला निमूट रिकामा करत. रात्रपाळीहून आलेले कारखान्यातले दांडगे कामगार त्यांच्यापुढे बाही वर करताना डोळे मिटून घेत. असा हा माणूस कुत्र्याला मात्र घाबरे. साधं घाबरणं नव्हे. लांबून कुत्रं दिसलं की सायकलवरून उतरायचे आणि सायकल मध्ये धरून चालायचे.

आणि आमच्या घरात सुभेदार होता.

चौऱ्याऐंशी साली आमची वृंदा नऊ वर्षांची असताना तिला सांध्यांचा ताप आला. ताप उतरला, पण जाताना हृदयाला धक्का लावून गेला, असं डॉक्टर म्हणाले. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, एकही चुकवायचं नाही, आणि काही महिने अंथरुणातून उठायचं नाही. पहिली काही इंजेक्शनं दवाखान्यात झाली. मग देवूभाऊंनी घरी येऊन द्यावं, असं ठरलं. मी रात्री उठून तिच्या छातीवर हात ठेवून बघत असे. दिवसा पाहुणे सांभाळत असे आणि पाहुण्यांपासून कुत्रा.

सुभेदार चावत नसे, हे आधीच सांगते, कारण कुणाला ते पटत नाही. आलेल्या माणसाचा हात तो मनगटापर्यंत तोंडात धरी आणि शेपटीसकट सगळं अंग हलवत त्याला ओढत घरात आणी. दात रुतत नसत. लाळ कोपरापर्यंत पोचे. "प्रेम आहे ते," असं माझे यजमान कमलाकांत म्हणत. पाहुणे येत तेव्हा ते कारखान्यात असत, त्यामुळे त्यांना असं म्हणणं परवडत होतं.

देवूभाऊ पहिल्यांदा घरी आले ते हातात औषधाची बाटली धरूनच. सुभेदाराने तो हात धरला. बाटली ओट्यावर पडून फुटली. देवूभाऊ ओरडले नाहीत. पांढरेफटक होऊन भिंतीला चिकटले आणि मी कुत्र्याला ओढून नेईपर्यंत तसेच राहिले.

"ताई, हा हाय तवर मी येनार नाय."

"मी बांधून ठेवीन ना."

"दोरीवर माजा भरवसा नाय." त्यांनी सदरा वर करून पोट दाखवलं. पोटावर आता काहीच नव्हतं, पण त्यांना दिसत असावं. "लहानपनी पिसाळलेला चावला. चौदा घेतली हितं. बाप खांद्यावर घेऊन पालघरला न्यायचा." मग सदरा खाली सोडत म्हणाले, "तिथला कंपाउंडर मला सुया उकळायच्या भांड्याचं झाकन धरायला लावायचा, रडू नये म्हनून. त्यातनंच या धंद्याला लागलो. पन कुत्र्याचे उपकार मानायला सांगू नका."

कमलाकांतांनी पालघरहून दुसरी बाटली आणली आणि वृंदाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. खड्ड्यांतून जाऊन-येऊन तिला एवढी धाप लागली, की डॉक्टर आम्हा दोघांवर चिडले. तिला आता हलवायचं नाही, म्हणाले. घरी येताना कमलाकांत म्हणाले, "पालघर-माहीमला माझ्या ताईच्या वाडीत सोडतो सुभेदाराला." वृंदाने ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. रात्री जेवली नाही, सकाळी दूध घेतलं नाही. आधीच तिच्या अंगावर मूठभर मांस उरलं नव्हतं.

पुढच्या इंजेक्शनच्या आत कुत्रा सुधारायचा, नाहीतर माहीम, असं ठरलं. ठरवलं दोघांनी. सुधारायचा कोणी, ते बोलायची गरज नव्हती.

मी बांधून पाहिलं. त्याने रडून आळी डोक्यावर घेतली आणि अंगणातला नळ वाकवला. वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवली, तर ती तोंडात धरून वृंदाला नेऊन दिली. रागावले, की तो माझाच हात धरे. मी पदवीधर बाई ओट्यावर बसून रडले, तर माझं मनगट त्याच्या तोंडात.

त्यात माणसं. आजारी पोरीच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, ही रीत. कुणी बिस्किटांचा पुडा, कुणी चिकू, कुणी केळी. चिंचणीहून मासे घेऊन येणारी राहीबाई तर फाटकातूनच, "घे रं सुबेदारा," म्हणून बोंबलाचा तुकडा त्याच्या जबड्यात कोंबायची. वृंदा तिला आणलेल्या खाऊतला निम्मा पलंगाखाली सरकवायची. दारात येणाऱ्या प्रत्येक हातात खाऊ असतो, हे अख्ख्या आळीने त्याला शिकवलं होतं. त्याने हात तपासला तर त्याचं काय चुकलं?

हे माझ्या लक्षात आलं ते वृंदामुळे. संध्याकाळी मी दिवा लावत होते. ती पडल्या पडल्या म्हणाली, "आई, तू देवाला नमस्कार करतेस ना, तेव्हा तो तुला धरत नाही. बसतो."

खरंच बसला होता. जोडलेल्या हातांत काही मिळत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

मग सुरू झालं. ओट्यावर गोणपाट टाकलं. येणाऱ्याने आधी हात जोडायचे. तो गोणपाटावर बसला की मी भाकरीचा तुकडा तिथेच खाली टाकायचा. हातातून कुणी काही द्यायचं नाही. शेजारची वत्सला म्हणाली, "छान. तुमच्याकडे यायचं म्हणजे आधी कुत्र्याला दंडवत, मग चहा." पण हात जोडले. राहीबाई म्हणाली, "माजे हात टोपलीला हायत, बाय. पाय जोडू?"

"टोपली उतरव आणि जोड."

"देवलात पन येवडं करावं नाय लागत."

रोज कुणीतरी विसरे, रोज सुभेदार कुणाचा तरी हात धरे आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. इंजेक्शनचा दिवस जवळ आला तेव्हा तो बसत होता, पण थरथरत, जेमतेम टेकून. मी दवाखान्यात जाऊन देवूभाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"डाक्टरला मी कदी नमस्कार केला नाय. कुत्र्याला करू?"

"वृंदासाठी करा."

ते सुया मोजत राहिले. हो म्हणाले नाहीत.

त्या दिवशी मी सकाळपासून दोनदा पाणी उकळलं. शेवटी सायकल वाजली. देवूभाऊंनी पेटी फाटकाच्या खांबावर ठेवली, आळीच्या दोन्ही टोकांना नजर टाकली आणि हात जोडले. सुभेदार उठला, पुढे आला, जोडलेल्या हातांचा वास घेतला. देवूभाऊंनी डोळे मिटले होते, त्यांच्यापुढे कामगार मिटतात तसे. सुभेदार परत फिरला आणि गोणपाटावर बसला.

"बसला?"

"बसला. या आत."

"हात सोडले आनि धरलं तर?"

"मग नका सोडू."

ते हात जोडूनच ओट्यावरून, बैठकीतून, वृंदाच्या पलंगापर्यंत चालत गेले. मागून मी त्यांची पेटी घेऊन. वत्सला खिडकीतून म्हणाली, "देवूभाऊ, एक प्रदक्षिणा पण होऊन जाऊ दे."

"तुमची सुई जाडी आनीन हां, वैनी," ते वळून न बघता म्हणाले.

औषध पाण्यात कालवलं की लवकर टोचावं लागतं, नाहीतर सुईत अडकतं. देवूभाऊंचा हात एकदाही हलला नाही. वृंदाने पलंगाची कड धरली, आणि सुभेदार उंबऱ्याबाहेर कुईकुई करत राहिला. त्या रात्री ती वरण-भात जेवली. कमलाकांत म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो ना, प्रेम आहे त्याचं." मी ओट्यावरचं गोणपाट झटकायला उठले.

आता वृंदा कॉलेजात आहे. इंजेक्शन अजून चालू आहे. सुभेदार म्हातारा झालाय, हात धरायला त्याच्या तोंडात दातही फारसे उरले नाहीत. तरी देवूभाऊ येतात तेव्हा पेटी खांबावर ठेवून त्याला हात जोडतात, तो बसेपर्यंत थांबतात आणि मगच माझ्याकडे बघतात.

"पानी उकळलं का?"