काजळाची मांजर

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. डोंबिवलीला आमच्या घरी मांजर व्याली आणि खरंच पिल्लं उचलून चाळभर बिऱ्हाडं बदलू लागली. मी रडून गोंधळ घातला, म्हणून आईने मला चित्रांचं पुस्तक करून दिलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर काजळाची मांजर, हळदीची पिल्लं आणि दर पानावर नवं घर: काकूंच्या शेगडीमागे, मास्तरांच्या ट्रंकेत, कुणाच्या माळ्यावर. शेवटच्या पानावर ती आपल्याकडे परत येणार, असं आईने कबूल केलं होतं. ते पान रंगवायच्या आधीच आई विषमज्वराने गेली.

मग वडिलांनी मला ठाण्याला आत्याकडे ठेवलं, तिथून मावशीकडे, मग कल्याणला मामाकडे. पुस्तक माझ्या पिशवीत असायचं. "पोर गुणी आहे, कुठेही रुळते," असं मोठी माणसं कौतुकाने म्हणायची, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मामीने समजूत घातली, "अगं, मांजरीची पिल्लं नाही का घरं बदलत?"

मी पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं. प्रत्येक पानावर पिल्लाची मानगूट त्याच्या आईच्या तोंडात होती.