शीतगृहातली पुढची रांग

उदबत्तीची राख कधी साचते ते कळत नाही. देव्हारा पुसायला घ्यावा तेव्हा ओंजळभर निघते. माझ्या मुलीच्या प्रयोगशाळेतले किस्से असेच साचले आहेत. मुग्धा सिंगापूरच्या एका विद्यापीठात संशोधक. थंड हवेतही लवकर पिकेल असे सोयाबीनचे वाण ती तिथल्या शीतगृहात वाढवत होती. क्लेमेंटी भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकटा काय करणार, म्हणून मीही बरोबर जात असे.

*

पहिल्याच दिवशी शीतगृहाच्या दारात मी सवयीने चपला काढल्या. रोपांची देखभाल करणारे वृद्ध तंत्रज्ञ सेंग हसले, "अंकल, धिस नॉट टेंपल लाह!"

मी म्हणालो, "बीज अंकुरते तिथे देव असतोच."

"देव असू दे बाबा, पण फरशी बर्फ आहे! चपला घाला!" मुग्धा ओरडली.

दुसऱ्या दिवशी दाराबाहेर सेंग यांचे बूट होते!

*

रोपे हिरवीगार, फूल मात्र येईना. तिथे काम करण्याच्या परवान्याची, म्हणजे पासची, मुदत संपण्यापूर्वी पिकलेले बी हाती आले, तरच मुग्धाची नोकरी टिकणार होती.

"आणखी किती दिवस?" मी विचारले.

"त्यांनाच विचारा, बाबा! माझं ऐकत नाहीत."

मी खरोखरच विचारले. पंखे बंद होते. तरी एका कडेने सगळी पाने हलली.

मुग्धा हसली नाही. "हो म्हणाली की नाही?"

*

चिनी सातवा महिना लागला. या महिन्यात पितर येतात, म्हणून सेंग यांनी रॅकची पुढची रांग रिकामी केली. "फ्रंट रो फॉर देम."

"अंकल, जागा पुरत नाही!" म्हणत मुग्धाने तिथे एक ट्रे ठेवलाच.

आणि माझ्या हातून चूक घडली. पितृपक्षात पान वाढल्यावर जे करतो, तेच सवयीने केले. ट्रेभोवती पाणी फिरवले, हात जोडले आणि म्हणालो, "या. सावकाश जेवा."

मुग्धाने अर्थ सांगताच सेंग यांचा चेहरा उतरला.

"अंकल... यू टेल देम ईट?"

*

त्याच ट्रेला सर्वांत आधी फुले आली, शेंगा धरल्या, वाळल्या. मुग्धाने हर्षभराने बॉसना व्हॉट्सॲपवर फोटो धाडला. ते स्वतः पाहायला आले.

तिने त्यांच्यासमोर शेंग सोलली. रिकामी! दुसरी. तीही रिकामी! साल अखंड, कीड नाही, छिद्र नाही. आत दाण्यांचे ठसे तेवढे ताजे.

मुग्धा तिसरी शेंग चाचपू लागली. बॉसनी मागच्या रांगेत हात घातला. कालपर्यंत हिरव्या असलेल्या तिथल्या शेंगा पिवळ्या पडल्या होत्या. एक दाबताच पिकलेले, टपोरे दाणे त्यांच्या तळहातावर उतरले.

"गुड," ते म्हणाले. "यू स्टे."

आम्ही चौघेही बाहेर आलो. मुग्धा भिंतीला टेकून रडत होती. सेंग यांनी दार लावले आणि माझ्या कानाशी हळूच विचारले, "अंकल, यू इन्व्हाइट, ओके. यू सेंड देम होम ऑर नॉट?"

आवाहन मी केले होते. विसर्जन राहूनच गेले होते.

आत कोणी नव्हते. दाराच्या काचेवर, आतल्या बाजूने, श्वासाची वाफ धरत होती आणि विरत होती.