मास्तर आणि माझे जवसाचे लाडू

"काल सकाळी काय खाल्लंस गं?"

पोरगी पडून उठली, की आमचे कबड्डीचे मास्तर तिची हनुवटी धरून, डोळ्यांत बघत हेच विचारायचे. उत्तर नीट आलं तरच पुन्हा मैदानात सोडायचे. बाया हसायच्या, "मास्तरलाच भूक लागली वाटतं!" तुम्हीही हसला असता.

आमच्या माकणी गावात पोरींचा संघ त्यांनीच उभा केला. शाळेमागची ढेकळं स्वतः फोडून मैदान केलं. एकदा पेपरातलं कात्रण घेऊन माझ्या दारात हजर. "आक्का, जवस, अक्रोड मेंदूला बरं म्हणतात. खात्री न्हाय, पण वाईट तर न्हाय. लाडू वळता का?"

वळता का म्हणजे काय! दर रविवारी डबाभर वळले. आणि माझं तोंड कुठलं गप बसतंय? गावभर सांगत सुटले, "माझा लाडू खाल्लेल्या पोरीच्या डोक्याला दगडानंसुद्धा काही व्हायचं न्हाय!" लोकांना खरं वाटलं. सांगून सांगून मलाही वाटायला लागलं.

आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला अंतिम सामना. काय त्या शिट्ट्या, काय तो धुरळा! आम्ही तीन गुणांनी मागं, पाच मिनिटं उरलेली. आमची रेखा चढाईला गेली, दोघींना शिवून वळली, तोच तिसरीचं डोकं तिच्या डोक्यावर खाडकन आदळलं. तरी पोरीनं मधल्या रेषेला हात लावलाच! तिघी बाद, बरोबरी! या वयात मी उड्या मारल्या.

मास्तर धावले. हनुवटी धरली. "काल सकाळी काय खाल्लंस?"

रेखानं मैदानावर नजर फिरवली. मग म्हणाली, "मास्तर, सामना कवा सुरू व्हायचा?"

"चल, बाहेर."

आमचीच माणसं ओरडली, "भ्याला का मास्तर? डाव हातातला हाय!" मी तर डबा घेऊन मैदानातच घुसले. "दोन लाडू चारते, बघा कशी पळती!"

"आक्का, लाडू लई चांगला हाय तुमचा. पण आदळलेलं डोकं लाडवानं बरं होत न्हाय. म्या तरणेपणी बदाम खाऊन असाच परत उतरलो. दुसरी धडक बसली. पुढचे सहा महिने मला आठवतच न्हायत."

वीस वर्षांची ओळख, पण हे कधी बोलले नव्हते. मी गुमान झाकण लावलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "मेंदूला मार आहे. आता फक्त आराम. लगेच दुसरी धडक बसली असती तर अवघड होतं." रेखा बरी झाली, पुढच्या साली खेळलीसुद्धा. मास्तरांना जाऊन आता दोन वर्षं झाली.

मला दिसते ती वाशीहून दवाखान्याकडं निघालेली जीप. रेखाचं डोकं हलू नये म्हणून मास्तरांनी ते दोन्ही तळहातांत धरलेलं. ड्रायव्हरला म्हणत होते, "हळू, बाबा, खड्डा बघ." तेवढ्यात मैदानातून एवढा मोठा गलका उठला, की मी मान बाहेर काढली. "मास्तर, कुणीतरी जिंकलं हो!"

"असू द्या," ते म्हणाले, आणि तळहात जरा सरकवून त्यांनी पोरीचे कान झाकले.